पोपटाच्या अंगणातला नेचा

…तर कारखाने तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरनं पोपटाला विचारलं, टाकीवर किती वर्षं झाली. काल नेमकं इथंच मला उठावं लागलं, नाहीतर पुढचं कालच सांगून झालं असतं. पोपटानं तोंडानं उत्तर दिलंच नाही. शर्टाची बाही वर सारली आणि हात पुढं धरला. बोटांच्या टोकापासून कोपराच्या चार बोटं खालपर्यंत हात हिरवा. तिथं एक रेघ, आणि रेघेच्या वर माणसाचा रंग. इन्स्पेक्टर बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिला, मग वहीत काहीतरी खरडून निघून गेला. काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यात टाकीसाठी रबरी हातमोज्यांचा जोड आला. एकच जोड, आणि दोन्ही मोजे डाव्या हाताचे.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडक्यात सांगतो. थोडक्यात म्हणजे माझ्या मापानं थोडक्यात.

आमची वखार होती खांबांची. विजेचे खांब, कुंपणाचे खांब, बागेतल्या बाकांच्या फळ्या. मी करवतीवर, तो टाकीवर. माझ्याकडून कापलेलं लाकूड त्याच्याकडं जायचं. एक लांबलचक लोखंडी टाकी होती, आडवी निजवलेली. तो खांब आत सरकवायचा, झाकणाचे बोल्ट आवळायचा, पंप लावायचा, आणि हिरवं औषध लाकडाच्या पार गाभ्यापर्यंत शिरायचं. औषध हा आमचा शब्द. वाळवी लागू नये, लाकूड कुजू नये म्हणून औषध. त्यात काय असतं हे मी कधी विचारलं नाही. मालक म्हणायचे, या खांबाला चाळीस वर्षं काही होणार नाही. आम्ही समजायचो, खांबाला काही होत नाही तर आपल्याला काय होणार.

टाकीतून काढलेले खांब शेजारच्या मोकळ्या जागेत निथळायला उभे करायचे. दिवसभर टपटप चालू. हिरवं पाणी मातीत, आणि हा गडी त्या मातीत उभा. हात असे, म्हणून नाव पडलं पोपट. आणि पोपट कसला, दिवसाला दहा शब्द बोलला तर त्या दिवशी त्याला ताप आहे असं आम्ही समजायचो. मालक म्हणायचे, असा पोपट पाळायला परवडतो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, अजून सांगतात की लग्नाला होकारसुद्धा यांनी मान हलवून दिला, आणि मान हलवली ती होय म्हणून की माशी बसली म्हणून, हे आपल्याला अजून नक्की कळलेलं नाही.

एकोणतीस वर्षांनी वखार बंद पडली. मालकांनी आवाराचे तुकडे पाडले आणि जुन्या कामगारांना घरापुरते दिले. मी फाटकाजवळचा घेतला, जा-ये दिसते म्हणून. पोपटानं घेतला त्याला लागूनचा टाकीजवळचा, जिथं खांब निथळायचे तो. लोक म्हणाले, वेडा आहे, तिथं गवताचं पातं उगवत नाही. मी कारण विचारलं तर त्यानं बोटानं आपल्या पायांखाली दाखवलं. इतकी वर्षं तिथंच उभा होता, आता दुसरीकडं कुठं उभं राहायचं, असा त्याचा अर्थ असावा.

अगदीच काही उगवत नव्हतं असंही नाही. टाकीमागच्या भिंतीच्या बुडाशी नेचा होता. तो ओलसर भिंतीत असतो ना, लांब दांडीला दोन्ही बाजूंनी कंगव्यासारखी पानं आणि पानाच्या पाठीमागं कडेकडेनं तपकिरी रेघ, तो. औषध जिथं जास्त सांडायचं तिथं हा जास्त माजलेला. आम्ही करवतवाले जाता-येता उपटायचो. पोपट म्हणायचा, "राहू दे." त्याच्या दहा शब्दांतले दोन तो त्या रोपट्यावर खर्च करायचा.

तर घर झालं, पोराचं लग्न झालं, नात झाली. तिच्यासाठी त्यानं अंगणात झोका बांधला, तो वखारीतल्याच दोन खांबांवर, म्हणजे चाळीस वर्षं बघायला नको. पोर त्या अंगणातच चालायला शिकली. माती खायची. सगळीच खातात. माझ्या आईनं माझ्या तोंडातून वेळोवेळी काढलेली माती साठवली असती तर एखादा वेल लावता आला असता. मी शिकलो एका खोलीत चार इयत्ता भरायच्या त्या खेड्यातल्या शाळेत, आणि मधल्या सुट्टीत आम्ही पाटीवरची पेन्सिलसुद्धा खायचो. कुणाला काही झालं नाही. निदान आम्हाला तसं वाटतं.

नात तीन वर्षांची असताना मातीवाल्या बाई आल्या. जुन्या कारखान्यांच्या जागा तपासायला सरकारनं पाठवलेल्या. हातात लोखंडी नळी, ती जमिनीत खुपसायची, आतली माती पिशवीत घालायची आणि पिशवीवर नंबर टाकायचा. महिन्यानं कागद घेऊन परत आल्या. पोपटाच्या अंगणाच्या मातीत अठ्ठेचाळीस भरलं. घराच्या अंगणात वीसच्या वर नसावं. अठ्ठेचाळीस काय, असं मी भिंतीवरून विचारलं, कारण आमच्या दोन घरांमध्ये छातीइतकी भिंत आहे आणि माझं बरंचसं आयुष्य तिच्यावर कोपर टेकून गेलंय. त्या म्हणाल्या, आर्सेनिक. मी तसाच बघत राहिलो, तेव्हा जरा विचार करून म्हणाल्या, जुनी माणसं सोमल म्हणतात. जड धातूंच्या रांगेत मोजतात त्याला.

सोमल मला माहीत होता. आमच्याकडं तो उंदरांसाठी असायचा, आणि गोष्टीतल्या राजांसाठी.

सुनेनं त्याच संध्याकाळी पोरीचे पाय घासून धुतले, तिला कडेवर घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलंच नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. सून वाईट नाही हे आधी सांगून ठेवतो, कारण गोष्टीत सून घर सोडून गेली की लोक लगेच एक भुवई वर करतात. निघताना फाटकात थांबून ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, मी भांडून जात नाहीये. वीसवर आलं की त्या दिवशी हिला परत आणीन. पण त्याआधी हिचा पाय या मातीला लागायचा नाही." पोपटानं मान हलवली. माशी नव्हती.

पोरगा म्हणाला, सगळ्या अंगणावर काँक्रीट ओतू, दोन दिवसांचं काम. मलाही पटलं. पोपटानं नकार दिला. वहिनी चिडल्या, का नको ते तरी सांगा म्हणाल्या. तो खाली बघत म्हणाला, "मीच सांडलंय. झाकायचं नाही." आणि अंगणात जाऊन झोका उतरवायला लागला, कारण बाईंनी जाता जाता सांगितलं होतं की ते दोन खांबही त्याच औषधातले.

आता नेच्याचं. बाई त्या दिवशी कागद देऊन निघाल्या होत्या. टाकीच्या भिंतीपाशी आल्या आणि गर्दीत हरवलेली बहीण दिसावी तशा थबकल्या. खाली बसल्या, पान उलटं करून तपकिरी रेघ बघितली आणि विचारलं, हा कुणी लावला. कुणीच नाही, आपला आपण आलाय. मग त्या पोपटाला बराच वेळ काहीतरी समजावत राहिल्या. पोपटाला, मला नाही, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. मी भिंतीवरच होतो, पण त्या पाठमोऱ्या बोलत होत्या आणि नळावर बादली भरत होती, त्यामुळं माझ्या कानांवर आलं ते इतकंच, की हा नेचा मातीतला सोमल पितो आणि वर मजेत वाढतो. हे मला इतकं आवडलं की मी पुढचं ऐकायचं सोडून तेवढंच बायकोला सांगायला आत गेलो. आयुष्यभर गोष्टी सांगणाऱ्यांचा हाच दोष. अर्धी हाती लागली की पळत सुटतात.

पोपटानं भिंतीतल्या नेच्यांचे गड्डे खणून काढले, सुरीनं त्यांचे भाग केले आणि अंगणभर वीतभर अंतरानं लावले. दोनशे चाळीस. मी मोजले, त्याला मोजायची गरज वाटली नाही. कडक ऊन लागू नये म्हणून वरती जुनी जाळी ताणली. छपराचं पाणी अंगणात पडून माती वाहून जाऊ नये म्हणून नळी लावून ते बाहेर काढलं. तोंडाला फडकं, हातात मोजे, या खेपेला दोन हातांचे दोन. वहिनींनी उंबऱ्याबाहेर चपलांची फळी ठेवली आणि घर दिवसातून दोनदा ओल्या फडक्यानं पुसायला लागल्या. मी एकदा चपलेसकट आत गेलो तर त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी उलट्या पावली बाहेर आलो आणि स्वतःची पावलं स्वतः पुसली.

बाईंनी हिशेब सांगितला होता, नीट चाललं तर सहा वर्षं, वचन मात्र देत नाही. वर्षातून दोनदा पाला कापायचा, गड्डा तसाच ठेवायचा, तो पुन्हा फुटतो. कापलेला पाला झाकणाच्या पिंपात. पिंपं न्यायला गाडी येणार आणि विषारी कचऱ्याच्या वेगळ्या खड्ड्यात नेऊन टाकणार. पिंपांवर त्यांनी पिवळी चिठ्ठी चिकटवली, कवटीचं चित्र असलेली.

दर रविवारी पोपट बस बदलत नातीकडं जायचा. निघण्यापूर्वी अंघोळ, धुतलेले कपडे, आणि वेगळे बूट, जे फाटकाबाहेर गेल्यावर घालायचे. नात दार उघडायची आणि पहिलं विचारायची, झोका कधी. तो बोटं दाखवायचा. एका हाताची पाच आणि दुसऱ्याचं एक. पहिल्या वर्षाच्या शेवटी बाईंचा कागद आला, त्रेचाळीस. वहिनींनी त्या दिवशी चहात इतकी साखर घातली की चमचा उभा राहिला असता. त्या रविवारी पोपटानं पाचच बोटं दाखवली, दुसरा हात खिशात.

दुसरं वर्ष निम्म्याहून जास्त झालं आणि नातीला कांजिण्या आल्या. सुनेची कामावरून रजा संपलेली. पोपट आणि वहिनी बारा दिवस तिकडं राहायला गेले. किल्ली माझ्या हातात ठेवून तो म्हणाला, "पाणी घाल." बस, दोनच शब्द.

पाणी मी घातलंच. पण मी खेड्यातला, आणि मला निव्वळ पाणी घालून गप्प बसणं जमत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात चार पिंपं पाल्यानं गच्च भरलेली. गाडी लावणीपासून एकदाही फिरकली नव्हती. झाकण उघडून बघितलं तर काय सुंदर पाला, वाळून कुरकुरीत झालेला. माझा बाप म्हणायचा, शेतातलं शेतात जिरलं पाहिजे, पाला बांधाबाहेर टाकणारा माणूस घर धुऊन पाणी शेजाऱ्याला देतो. पोपट बिचारा लाकडातला माणूस, त्याला शेतीतलं काय कळणार. नेच्यानं सोमल पिऊन टाकलाय, म्हणजे पचवलाय, आता हा पाला म्हणजे निव्वळ खत, असा माझा सरळ हिशेब. आणि कवटीचं म्हणाल, तर कवटीला आम्ही वखारवाले कधी भ्यालोच नाही. औषधाच्या रिकाम्या पिंपांवर कवटीच असायची. आम्ही बसायला तीच घ्यायचो, डबे त्यांवरच ठेवायचो, माझ्या थोरलीच्या लग्नात हात धुवायच्या पाण्याला कवटीची चार पिंपं रांगेत होती आणि पाहुण्यांनी व्यवस्थेची तारीफ केली होती.

तीन दिवस खपून मी तो पाला कोयत्यानं बारीक केला, नेच्यांच्या मधल्या मातीत कालवला आणि वरून भरपूर पाणी मारलं. मित्राला भेट द्यावी तर अशी. पिंपं धुऊन पालथी घातली.

पोपट परतला तेव्हा मी भिंतीवर हजर होतो, कौतुक घ्यायला. तो फाटकात उभा राहिला. पालथ्या पिंपांकडं बघितलं, मातीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, बघतोस काय, पुढच्या खेपेला दुप्पट वाढतील. तो आत गेला, फडकं बांधून, मोजे घालून आला आणि उकिडवा बसून मातीतून पाल्याचे तुकडे वेचायला लागला. चार दिवस वेचत होता. जिरलेले कुठले सापडणार. मला वाटलं, याला टापटिपीचं वेड लागलंय. उलट मीच जरा रुसलो. बायकोला म्हणालो, उपकाराची जाण राहिली नाही जगात.

वर्षाच्या शेवटी बाईंनी नळी खुपसली आणि कागद आणला. सत्तेचाळीस.

त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. दुसऱ्यांदा माती नेली, तरी तेवढंच. एकोणचाळीसच्या आसपास यायला हवं होतं म्हणाल्या, मध्ये काही झालं का. मी भिंतीवर होतो. पोपट म्हणाला, "पाला पडला." बाईंनी त्याच्याकडं बघितलं, पालथ्या पिंपांकडं बघितलं आणि फक्त म्हणाल्या की आता पुन्हा सहा धरा. मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली. पण माणसाचं मन असं असतं, की असल्या शंकेवर ते लगेच पाय ठेवतं.

त्या रविवारी मीही त्याच्याबरोबर गेलो. नात पाचची झालेली, अंगावर कांजिण्यांचे दोन-चार डाग, शाळेत मोजायला शिकलेली. दार उघडून तिनं स्वतःचीच चार बोटं वर केली आणि म्हणाली, मला माहितीये, आता चार. पोपटानं दोन्ही हात खिशातून काढले. पाच आणि एक.

पोरीनं दोनदा मोजली. मग आईकडं वळून अगदी समजुतीनं म्हणाली, "आजोबांना उलटं मोजता येत नाही. त्यांना मी शिकवते."

सून हसली, पोरगा हसला, पोपटही हसला. ती त्याचं एकेक बोट धरून मुडपायला लागली, सहा, पाच, चार. आणि तो ती मुडपू देत होता. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. मी म्हणालो, त्याला येतं मोजता, पाला मी कालवला. सगळं सांगितलं, बापाच्या शेतासकट. मला दुसरं काही येत नसलं तरी सांगता येतं. त्या दिवशी तेवढं एक सांगताना मात्र शब्दाला शब्द लागत नव्हता.

सुनेचा चेहरा उतरला. ती उठून खिडकीपाशी गेली. बरोबरच होतं. मी तिच्या पोरीची दोन वर्षं मातीत कालवली होती, आणि वरून पाणी मारलं होतं. मला वाटलं, आता ती म्हणणार की पुरे झालं, आम्ही इथंच घर बघतो. तेवढ्यात पोपट बोलला, तिला, मला नव्हे. "चूक त्याची नाही. मी सांगितलं नव्हतं."

परतीच्या बसमध्ये तो सतरा थांबे बोलत होता. मी त्याला पन्नास वर्षं ओळखतो, पण तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा एवढा वेळ ऐकला. म्हणाला, नेचा पचवत नाही, नुसतं उचलतो. मातीतलं पानात आणून ठेवतो. पानातून ते कुठंच जात नाही, पान कुजलं की परत मातीत. म्हणून पान तिथून न्यायलाच हवं, हे बाईंनी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलेलं. पुढं तो टाकीच्या गोष्टीवर आला. एकदा औषधाच्या नव्या पिंपावरची चिठ्ठी सरळ होती, फाटलेली नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं, अंगाला लागू देऊ नये, जमिनीवर सांडू देऊ नये. तो थांबला, बसमधल्या दांड्याला धरलेल्या आपल्या हाताकडं बघत म्हणाला, "टाकीवरच्या सातव्या वर्षी वाचलं होतं मी ते. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबतीत परत तेच केलं."

मी विचारलं, आणखी काय काय लिहिलं होतं. त्यानं तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून कामं वाटली गेली. पिंपं माझ्याकडं. झाकणांना कुलपं लागली आणि किल्ल्या माझ्या गळ्यात, म्हणजे ज्याच्या हातून सांडलं त्याच्याच गळ्यात. गाडी वेळेवर आणायचं काम वहिनींनी अंगावर घेतलं. नेच्याचं एक वाळलेलं पान बाटलीत घालून त्या कचेरीत गेल्या, बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली, त्यात काय आहे ते सांगितलं आणि म्हणाल्या, गाडी येईपर्यंत ही इथंच राहू दे, आमच्याकडं जागा नाही. तिसऱ्या दिवशी गाडी आली. तेव्हापासून वर्षातून दोनदा न चुकता येते, आणि ड्रायव्हर वहिनींना वाकून नमस्कार करतो.

आणि पोपट बोलायला लागला. फार नाही. पण वखारीच्या आवारात जितकी घरं होती, त्या प्रत्येक दारात तो गेला. सोमल म्हणजे काय, नेचा काय करतो, पाला का टाकायचा नाही, शेळीला का घालायचा नाही, पोरांचे हात का धुवायचे. ऐकणाऱ्यांतले निम्मे तो बोलतोय याच आश्चर्यात असायचे, तेव्हा दुसऱ्या दिवशी परत जाऊन परत सांगायचा. सात अंगणांत नेचा लागला. एका घरानं काँक्रीट ओतलं, त्यांच्याकडं तो परत गेला नाही आणि त्यांना नावंही ठेवली नाहीत.

बेचाळीस. अडतीस. तेहेतीस. एका वर्षी उन्हाळा कडक होता, अर्धे गड्डे वाळले, तरी एकोणतीस. पंचवीस. मी एकदा बाईंना म्हणालो, आता पानं रोडावलेली दिसतात, म्हणजे खालचं संपत आलं. त्या म्हणाल्या, काका, पान बघून काही कळत नाही, मोजावंच लागतं. त्यांना तोवर चष्मा लागला होता. पोपटाला खोकला लागला होता. हातांवरची हिरवी रेघ कधीच गेलेली, पण त्या जागी कातडी खरखरीत झाली होती, आणि डॉक्टर दर तीन महिन्यांनी बोलवायचे. तो जायचा, आणि डॉक्टरांनाही टाकीचं सगळं सांगायचा, न विचारता. रविवारची बोटं कमी होत गेली. नात आता दारात मोजत नसे, शाळेच्या वहीतून नजर वर करून बघायची आणि मान हलवायची. त्याच्यासारखीच.

अंगणाच्या कडेला वर्षभर दोन लोखंडी खांब रंगवून आडवे ठेवलेले होते. कशासाठी ते कुणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात बाई कागद घेऊन आल्या त्या रविवारी. मुद्दाम रविवारी, कारण सुनेला निरोप गेला होता. फाटकाबाहेर सून, पोरगा, आणि त्यांच्या पुढं नात. अकरा वर्षांची, आईच्या खांद्याला लागलेली. ती फाटकाच्या रेघेवर अंगठे जुळवून उभी होती, आत एक बोटही नाही. आठ वर्षं तिला हेच सांगितलेलं.

बाईंनी कागद वाचला. एकवीस.

मग बाई म्हणाल्या, एकवीस म्हणजे वीसच समजा, आमच्या यंत्रातसुद्धा एवढा फरक पडतो. आणि मुलगी आता माती खायच्या वयाची नाही. वहिनींनी तर पदराला हात पुसून फाटकाच्या कडीवर ठेवलाच होता. मी भिंतीवरून मान इतकी हलवली की गळ्यातल्या किल्ल्या वाजल्या. एका आकड्यासाठी कोण थांबतं. आणि खरं सांगायचं तर मी त्याच्या छातीतली घरघर ऐकत होतो. कापणीला अजून चार महिने होते. चार महिने त्याच्याकडं आहेत का, हे मी मनातल्या मनात मोजत होतो, आणि वहिनीही तेच मोजत असाव्यात.

सुनेनं सासऱ्याकडं बघितलं. "बाबा, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. "येऊ दे हिला आत?"

पोपट फाटकापाशी गेला. खोकल्याची उबळ आली ती जाऊ दिली. नातीसमोर उभा राहिला आणि नेहमीसारखा हात वर केला. एकच बोट.

नात त्या बोटाकडं बघून म्हणाली, बोट नको आजोबा, तोंडानं सांगा.

त्यानं बोट खाली घेतलं, वहिनींचा हात कडीवरून हळूच बाजूला केला आणि म्हणाला, "एक कापणी राहिली आहे. मागं मी बोललो नाही म्हणून तुझी दोन वर्षं गेली, म्हणून आता नीट सांगतो, आज आत येऊ नकोस. पाला पिंपात गेला, पिंपं गाडीत गेली, बाईंनी वीस लिहिलं, की फाटक मी उघडतो. आणि मी नसलो, तर किल्ली याच्या गळ्यात आहे, याला विचार, हा सगळं सांगेल."